दुखतंय ते सांगत जा

परवा फोनवर तू म्हणालीस, "अक्का, विडी वळणाऱ्या बाईची कंबर दुखायची न्हाई तर कुणाची दुखणार?" आणि हसलीस. मागं तुझ्या सासूबाईंचा आवाज येत होता, म्हणून मी गप्प बसले. पण तुझं बोलणं मला पटलेलं नाही. निपाणीत हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. आज्जी म्हणायची, आई म्हणायची, आता तू म्हणायला लागलीस. तुझी पोरगी पलीकडे बसून पानं कापत ऐकत असणार. इतकी वर्षं बेळगावात नर्स म्हणून काढली, त्यात दुखणं घेऊन आलेल्या बायकाच जास्त बघितल्या आणि त्यांतल्या बहुतेकींचं पहिलं वाक्य ठरलेलं, "फार न्हाई हो, थोडंसंच दुखतंय." म्हणून आज सविस्तर लिहिते. सूप जरा बाजूला सरकव.

आधी दुखणं शरीरात होतं कसं ते ऐक. भाकरी भाजताना तव्याला बोट लागलं की हात आधी मागं येतो आणि "अगं आई गं" नंतर निघतं. हात काढायचा हुकूम कण्यातूनच सुटतो, मेंदूला बातमी पोचायची वाट तो बघत नाही. बातमी नेणाऱ्या नसाही दोन जातींच्या. एक वेगवान, सेकंदाला पाच ते तीस मीटर जाणारी. तिची कळ टोकदार असते आणि नेमकं कुठं लागलं ते ती सांगते. दुसरी मंद, सेकंदाला दोन मीटरसुद्धा नाही. उंबऱ्याला पायाचं बोट आपटलं की आधी सणक येते, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग ती ठसठस सुरू होते ना, ती या दुसरीची.

आता मिरचीचं बघ. उन्हाळ्यात संकेश्वरी मिरचीचं तिखट करून ठेवतो, नंतर हाताची आग रात्रीपर्यंत जात नाही. हात भाजलेला तर नसतो. कातडीतल्या नसांच्या टोकांवर एक सूक्ष्म दार असतं, ४३ अंशांच्या आसपास ताप पोचला की ते उघडतं आणि "भाजलं" अशी बातमी आत जाते. मिरचीतलं कॅप्सायसिन नेमकं तेच दार उघडतं. डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली हे दार शोधलं आणि २०२१ साली त्याला नोबेल मिळालं. म्हणजे इजा काही नाही, पण आग अगदी खरी. हे लक्षात ठेव, पुढं लागेल. (आणि मिरचीचा हात नुसत्या पाण्यानं धूत बसू नको. आधी तेल चोळ, मग साबण लाव. कॅप्सायसिन तेलात विरघळतं.)

याच्या उलटही होतं, इजा मोठी आणि दुखणं नाही. आपल्या बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीतल्या नामदेव जाधवांचं नाव तू ऐकलं असशील. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. गोळ्यांच्या माऱ्यातून त्यांनी जखमी सोबत्यांना पलीकडे नेऊन पोचवलं. मग हाताला अशी जखम झाली की बंदूक चालवता येईना, तर ती टाकून हातबॉम्ब घेतले आणि मशिनगनच्या चौक्या मोडून काढल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच इटलीत, आदल्या वर्षी, हेन्री बीचर नावाचा अमेरिकन भूलतज्ज्ञ अँझिओला जखमी सैनिक तपासत होता. मोठमोठ्या जखमा असलेले कितीतरी सैनिक त्याला म्हणाले, दुखण्यावर औषध नको. बेशुद्ध नव्हते, धक्क्यात नव्हते. घरी असल्या जखमेला ते ओरडून गाव गोळा करतील, असं त्याला वाटलं आणि त्यानं ते १९४६ साली लिहून ठेवलं. जीव वाचला, आता घरी जायचं, हे त्या जखमेचं मोल होतं.

इतकं लांब जायलाही नको. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला अनवाणी जाणाऱ्या बायका तू बघितल्यास. "उदो उदो" करत चालताना खडे टोचलेले कुणाला कळतात? घरी येऊन पाय धुताना भेगा दिसतात आणि मग चालवत नाही. देवीची किमया म्हण किंवा शरीराची, मला वाद घालायचा नाही. मेंदूकडून कण्याकडे खाली येणाऱ्याही वाटा असतात आणि तिथून वेदनेची बातमी दाबता येते. अफूसारखं काम करणारी द्रव्यं शरीर स्वतः तयार करतं, हे १९७५ साली स्कॉटलंडमध्ये सापडलं.

म्हणजे नस बातमी आणते, पण दुखायचं किती हे ठरतं कण्यात आणि मेंदूत. आजूबाजूला काय चाललंय, भीती किती, झोप झाली का, पुढं काय होणार असं वाटतंय, सगळं त्या हिशेबात येतं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ साली मांडलं की कण्यात एक फाटक आहे. स्पर्शाची बातमी आणणाऱ्या जाड नसा जोरात असल्या की ते फाटक वेदनेसाठी ओढून घेतलं जातं. पुढं त्यांच्या मांडणीत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मूळ कल्पना टिकली. पोर पडलं की आपण "कुठं लागलं?" म्हणून चोळतो, फुंकर घालतो, ते काही खुळं नाही.

आता तुझ्या कंबरेकडे येते. तिथं गोष्ट वेगळी आहे, कारण ती काल-परवाची नाही. दुखणं तीन महिन्यांच्या वर रेंगाळलं की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात आणि त्याचे नियम बदलतात. राखणीला ठेवलेलं कुत्रं चोर आला की भुंकतं, ते चांगलंच. पण रोज रात्री कुणी ना कुणी दगड मारत राहिलं, तर पुढं ते वाऱ्यानं पान हललं तरी भुंकायला लागतं. कण्यातल्या पेशींचं तसंच होतं. सतत बातम्या येत राहिल्या की त्या जास्त जाग्या होतात, मग साध्या स्पर्शाचीसुद्धा कळ होते आणि दुखणं मूळ जागा सोडून पसरतं. क्लिफर्ड वूल्फनं १९८३ साली प्रयोगातून हे दाखवलं. तुझी कंबर आधी दुखायची, मग खुबा, आता मान आणि हातसुद्धा दुखतात. तू म्हणतेस, सगळं शरीरच मोडलंय. शरीर मोडलेलं नसेल गं. भुंकणं वाढलंय.

म्हणूनच तुझं "सोसायचं" मला नको वाटतं. सोसल्यानं शरीर कणखर होतं असं आपल्याकडे मानतात. दुखण्याच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं होतं. पहिल्या महिन्यात बसणं बदलून, शेकून, दोन दिवसांच्या गोळीनं जे गेलं असतं, ते वर्षभर सोसलं की हट्टी होतं. आणि रात्री झोप नाही, ठेकेदारानं विड्या छाटल्या त्याची चरफड, बचतगटाचा हप्ता, पोरीची फी, या सगळ्यानं ते आणखी जागं राहतं. हे मी दवाखान्यात बोलले की बायका रागावतात. "म्हंजे आमी सोंग करतोय व्हय?" मुळीच नाही. मिरचीची आग आठव. डॉक्टर "टेन्शन घेऊ नका" एवढंच म्हणून कागद पुढं सरकवतात तेव्हा मलाही राग येतो, कारण ते अर्धंच सांगतात.

आता बसण्याचं. मांडी घालून किंवा एक पाय पसरून, मांडीवर सूप, मान खाली, खांदे पुढं. पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, तोंड मोडायचं, सूत गुंडाळायचं. पंचवीसची एक जुडी धरली तर हजार विड्यांच्या चाळीस जुड्या, आणि प्रत्येक विडीला बोटांची तीच हालचाल. मजुरी हजारावर, त्यामुळे उठलं की पैसे बुडतात, हे मला शिकवू नको, मीही त्याच घरात वाढले. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, त्यात कारखान्यातली हवा, उजेड, कामाचे तास सगळं आलं. पण घरच्या फरशीवर तू कशी बसतेस ते बघायला कुणी येत नाही. त्यामुळे ते तुलाच बघायला हवं. भिंतीला टेकून बस, कंबरेच्या खोबणीत चादरीची गुंडाळी ठेव. बुडाखाली जाड पाट किंवा घडी घातलेलं पोतं घे म्हणजे गुडघे बुडापेक्षा खाली राहतील, कंबर आपोआप सरळ होते. सूप मांडीवरून उचलून उलट्या डब्यावर ठेव, मान तेवढी कमी वाकते. आणि पाच जुड्या झाल्या की उठ. उठून काय करायचं? पाणी पी, दारापर्यंत जाऊन ये, दोन्ही हात कंबरेवर ठेवून मागं वाक. दोन मिनिटं. संध्याकाळी हिशेब करून बघ, जुड्या कमी भरतात का. मला नाही वाटत फार कमी भरतील, कारण दुखऱ्या हाताची दुपारनंतरची गती तुला माहीत आहे.

पूर्ण पडून राहायचं मात्र नाही. कंबर धरली की आठवडाभर अंथरुणात, हा जुना सल्ला आता डॉक्टर देत नाहीत. झेपेल तितकं चालायचं. दुखलं म्हणजे आत काही तुटतंय असं धरून चालू नको. शेक घे, त्यानं स्नायू सैल पडतो. बाळंतिणीच्या शेगडीचं बाकी काही मला पटत नसलं, कोंडलेल्या खोलीतला धूर तर मुळीच नाही, तरी कंबर शेकणं पटतं.

एमआरआयचंही सांगून ठेवते. कोल्हापूरला जाऊन फोटो काढायचा, असं पाव्हणे म्हणत होते ना? काढला तर रिपोर्टात काहीतरी लिहून येणारच आणि मग "मणक्यात गॅप हाय" हे घरभर होईल. ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा माणसांचे फोटो तपासलेल्या अभ्यासांचा २०१५ साली एकत्र आढावा घेतला गेला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यातल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. दुखत कुणाचंच नव्हतं. केस पांढरे व्हावेत तसे मणके म्हातारे होतात. त्या "गॅप"च्या धास्तीनं बाईनं वाकणं सोडलं, बादली उचलणं सोडलं, की स्नायू ढिले पडतात आणि कंबर खरंच कामातून जाते. डॉक्टरांनी तपासून फोटो हवा म्हटलं तर जरूर काढ, आपण होऊन नको.

तुझ्या जावेचं म्हणणंही ऐकलंय, सिझरच्या वेळी कंबरेत भुलीची सुई टोचली तेव्हापासून दुखतंय. हे तर मी इतक्या तोंडांनी ऐकलंय की बोलायलाच हवं. ती सुई बारीक असते. टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते. काहींना उठून बसलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं. तसं झालं तर लगेच सांगायचं, त्यावर इलाज आहे. पण वर्षानुवर्षं कंबर दुखण्याशी त्या सुईचा संबंध अभ्यासांत दिसलेला नाही. ज्यांचं सिझर झालं नाही त्यांचीही कंबर बाळंतपणानंतर दुखतेच की. गरोदरपणात पोटाचे स्नायू ताणून पातळ होतात, सांधे सैल पडतात, मग बाळाला घेऊन वाकून पाजणं, रात्रीची जागरणं, आणि ती तर सव्वा महिन्यात परत सुपापुढं बसली. सगळं सोडून दोष त्या एका सुईला. तिला सांग, सुईचा राग सोड आणि पोटाचे व्यायाम शिकून घे. पुढच्या वेळी सुईच्या भीतीनं कळा सोसत बसायची वेळ यायला नको.

आणि पिशवी. हे मी दाराआड सांगावं तसं सांगतेय. कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं, पाळीत कळा येतात, एवढ्यावर "पिशवी काढून टाका, कटकट गेली" असं कुणी म्हणालं, तर तिथून उठ आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखव. बीडच्या ऊसतोड बायकांचं २०१९ साली सगळीकडे छापून आलं, पाळीत खाडे नकोत म्हणून तरण्या बायकांनी पिशव्या काढून घेतल्या होत्या. आपल्या भागातही ऊस आहे आणि खाड्याची भीती आहे. पिशवी काढायची खरी कारणं असतात, नाही असं नाही. पण सुपापुढं बसून लागलेली कंबर पिशवी काढून राहत नाही, उलट बीजांडकोशही गेले तर हाडं लवकर ठिसूळ होतात. पाळीतल्या कळांचं म्हणशील तर पिशवीच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांनी पिशवी आवळते आणि कळ येते. ती द्रव्यं बनू न देणारी गोळी डॉक्टरांना विचारून कळ सुरू होताहोताच जेवणावर घेतली, तर काम करते. लोळायची वेळ आल्यावर घेतली की तिचा फारसा उपयोग होत नाही आणि मग आपण म्हणतो, गोळी लागू पडत नाही. पोरगी पाळीत दर महिन्याला शाळा बुडवत असेल तर "आमालाबी व्हायचं" म्हणून सोडून देऊ नको, तिला दाखव.

गोळ्यांचं आता खरं बोल. तू त्या दुकानातून पुडी आणतेस, मला माहीत आहे. एक लाल, एक पांढरी, एक बारकी, नाव कशालाच नाही. पांढरी बहुतेक डायक्लोफिनॅक असणार. आत्ता जी प्रोस्टाग्लँडिनं सांगितली ना, दुखावलेल्या जागी सूज आणि ठणका आणतात ती हीच. १९७१ साली जॉन व्हेननं दाखवलं की ॲस्पिरिनसारख्या गोळ्या ती बनूच देत नाहीत. पण हीच द्रव्यं जठराचं अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतात. म्हणून रोज, उपाशीपोटी, महिनोन्महिने ही गोळी घेतली की पोटात जखम होते, शौचाला काळं होतं, बीपी वाढतं, मूत्रपिंडं थकतात. दिवस गेलेले असतील तर घ्यायचीच नाही. (हेच डायक्लोफिनॅक जनावरांना द्यायचे आणि मेलेली जनावरं खाऊन देशातली गिधाडं संपत आली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली.)

मला जास्त भीती त्या बारकीची वाटते. ती स्टेरॉइड असू शकते. पहिल्या आठवड्यात चमत्कार वाटतो, सगळे सांधे मोकळे. मग तोंड गरगरीत होतं, शेजारणी म्हणतात अंग धरलं, आणि आत साखर वाढत असते, हाडं पोकळ होत असतात. बरेच दिवस घेत असशील तर एकदम बंदही करू नको, त्यानं जिवाला अपाय होतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि कमी करत बंद कर. साधं दुखणं असेल तर पॅरासिटामॉल पाचशेची एक, दोन गोळ्यांत निदान चार ते सहा तासांचं अंतर, आणि धडधाकट माणसालासुद्धा दिवसाला आठच्या वर कधीच नाही. तुझ्यासारख्या काडी अंगाच्या बाईला त्याहून कमीच. पाव्हण्यांसारखं रोजचं पिणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायला विसरतात.

मिश्रीबद्दल मी बोलले की तू विषय बदलतेस. दाढ दुखली म्हणून सासूबाईंनी बोटावर दिली, दाढ थांबली, आणि मिश्री मात्र राहिली. घटकाभर बरं वाटतं ते निकोटीनमुळे. मग तलफ येते, तलफेत डोकं दुखतं, ते मिश्रीनं थांबतं, आणि आपण म्हणतो मिश्री म्हणजे औषध. दाढेतली कीड तशीच पोखरत राहते, हिरड्या खाली सरकतात. गालाच्या आत पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसला तर बेळगावला ये, माझ्याकडे उतर. तोंडातला कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही, हाच त्याचा कावा आहे.

न दुखण्यालाही भ्यायला हवं, ते असं. कुष्ठरोग्यांची बोटं झडतात, ती रोगच खातो असं लोक मानायचे. वेल्लोरला पॉल ब्रँड नावाचे डॉक्टर होते, त्यांनी दाखवलं की नसा बधिर झाल्यामुळे दुखत नाही, म्हणून जखमा होतात, चिघळतात आणि बोटं जातात. सासूबाईंना साखर आहे. चालताना पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळत नाही, असं तूच हसत सांगितलंस. हसण्यासारखं नाही ते. रोज रात्री त्यांचे तळवे बघ, बोटांच्या बेचक्यासुद्धा.

काही दुखणी मात्र शेकत बसायची नसतात. छातीत दडपण, जबडा, पाठ किंवा डावा हात भरून येणं, घाम, मळमळ, असं काही झालं तर "पित्त झालंय" म्हणत सोडा पिऊ नको. बायकांचा हार्ट अटॅक पुष्कळदा असा आडवळणानं येतो. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर त्याच रात्री गाडी करायची. ताप, वजन उतरणं, रात्री आडवं पडल्यावर वाढणारं दुखणं, यांनाही थांबायचं नाही.

दवाखान्यात गेलीस की सांगायचं कसं, तेही ठरवून जा. कानडी नर्स "येल्ली नोवु?" विचारते, आपली बाई सगळ्या कंबरेवरून हात फिरवते आणि संपलं. एका बोटानं जागा दाखव. ठणका आहे की सणक, आग होते की मुंग्या येतात, हे नक्की सांग, कारण मुंग्या आणि आग नसेकडे बोट दाखवतात आणि त्याची औषधं वेगळी असतात. पुडीतल्या गोळ्या त्यावर फारसं काही करत नाहीत. शून्य ते दहात किती, विचारलं तर लाजून दोन म्हणू नको. दुखण्यामुळे काय करता येईना ते सांग. घागर उचलवत नाही, रात्री कूस बदलवत नाही, हे डॉक्टरला आकड्यापेक्षा जास्त कळतं. मराठीतच सांग. नाही समजलं तर आपली एखादी आया, एखादी नर्स असतेच आसपास. सोबत पाव्हण्यांना ने, पण बोलणं तुझं तू कर.

शेवटी आत्याचं. तिला फोडावर पट्टी बांधताना ओरडताना ऐकलं म्हणालीस. जबड्याचा कॅन्सर, ऑपरेशन होण्यासारखं नाही, आणि पोरं म्हणतात मॉर्फिन नको, दिलं की माणूस संपतो. त्यांना समज दे. मॉर्फिननं मरण जवळ येत नाही. डॉक्टर मोजून, हळूहळू वाढवत देतात, आणि ज्याला खरंच कॅन्सरचं दुखणं आहे त्याला त्याची नशेसाठीची चटक सहसा लागत नाही. कॅन्सरच्या दुखण्याला पायरीपायरीनं औषध चढवत न्यायची रीत जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ सालीच सांगितली. त्याच साली मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झालं, केवळ अशा माणसांना निवांत ठेवण्यासाठी. मॉर्फिन सहज मिळत नव्हतं ते १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे. २०१४ साली कायदा बदलून ते सोपं केलं. गोळी महाग नाही, मात्र गावच्या दुकानात मिळणार नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. बेळगावला आणा, कोल्हापूर जवळ पडत असेल तर तिकडे न्या, पण "वेदनेसाठी आलोय" असं स्पष्ट सांगा, नाहीतर पुन्हा नुसत्या तपासण्या करून परत पाठवतील. ठरलेल्या वेळी गोळी द्यायची, ती ओरडायची वाट बघायची नाही. पट्टी बदलायच्या अर्धा-पाऊण तास आधी जादा मात्रा देता येते का, ते विचारून घ्या. पहिले काही दिवस झोपाळल्यासारखी होईल, मळमळेल, ते कमी होतं. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून त्याच चिठ्ठीवर पोट साफ राहायचं औषध लिहून घ्यायला तिच्या थोरल्याला सांग. ते लिहायचं डॉक्टरसुद्धा विसरतात.